दिवसाला पंचाहत्तर रुपये

आई-वडिलांविना राहिलेल्या नातवाला सांभाळणाऱ्या आजीला महाराष्ट्र सरकार आज महिन्याला 2,250 रुपये देऊ शकतं. 2021 मध्ये वाढ होण्याआधी ही रक्कम 425 होती. ती 1,100 झाली आणि 2023 मध्ये आजच्या आकड्यावर आली. तेव्हा योजनेला भारदस्त नावही मिळालं: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. बोलताना मात्र सगळे ‘बालसंगोपनचे पैसे’ एवढंच म्हणतात.

ही वाढ आपोआप झाली नाही. कोरोनात घरचा कर्ता गेलेल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा प्रश्न सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरला, तेव्हा कुठे या जुन्या योजनेवरची धूळ झटकली गेली. तोवर दिवसाला चौदा रुपयांत मूल वाढवा, असंच सरकारचं म्हणणं होतं. आता पंचाहत्तर.

हे पैसे कुणाला लागतात, ते जूचंद्रमध्ये दिसतं. दिवाळीतल्या रांगोळ्यांसाठी ओळखलं जाणारं जूचंद्र हे वसई-विरारमधल्या नायगाव पूर्वेचं आगरी गाव. चंडिका देवीच्या डोंगराखालचं हे गावठाण आता चाळी-इमारतींनी वेढलं आहे. गावठाणात भावकी असते. पोरकं झालेलं पोर काकाकडे नाहीतर आजोळी जातं आणि त्यासाठी कुणी अर्ज करत नाही. भोवतीच्या चाळींत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं तसं नाही. त्यांची भावकी दूर गावाकडे, आणि खोलीचा करार अकरा महिन्यांचा.

मग उरतो बालसंगोपनचा अर्ज. त्याला लागतं काय? मृत्यूचे दाखले, मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स. शिवाय मुलाला शेजारी उभं करून घरासमोर काढलेला फोटो. घर कुणाचं, हा प्रश्न फोटोत दिसत नाही. पत्त्याच्या पुराव्यात दिसतो. मग गृहचौकशी आणि बालकल्याण समितीचा आदेश. 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला नसता तर या कामासाठी ठाणं गाठावं लागलं असतं. आता पालघर. नायगावहून लोकल धरायची, विरारला डहाणू गाडी पकडायची. रोजंदारीवरच्या बाईचा एक खाडा म्हणजे या अनुदानातले कित्येक दिवस तिथेच गेले.

कायदा तसा उदार आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 सांगतं की प्रतिपालक कुटुंबाला राज्य सरकारने दरमहा पैसे द्यावेत, तेही जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत. पण इथे प्रतिपालक म्हणजे मुलाच्या जन्माच्या कुटुंबाबाहेरचं, निवडून-पारखून घेतलेलं घर. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा घरासाठी महिना 4,000 रुपये आहेत. आई किंवा नातलगांकडेच राहणाऱ्या गरजू मुलासाठीही तेवढेच आहेत, पण वेगळ्या सदराखाली आणि उत्पन्नाच्या मर्यादेत: ग्रामीण भागात वर्षाला 72,000, इतरत्र 96,000. वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत महिना आठ हजारांच्या वर कमाई गेली की हा दरवाजा बंद. नायगावात खोलीचं भाडं भरणाऱ्या कुटुंबाने आठ हजारांत कसं भागवायचं, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा मांडून दाखवायला हवं होतं.

तेव्हा एकाच चाळीतल्या दोन मुलांपैकी एकाला 4,000 आणि दुसऱ्याला 2,250 मिळू शकतात. फरक मुलाच्या गरजेचा नसतो, फाईल कुठल्या टेबलावर गेली याचा असतो. इंग्लंडमध्ये प्रतिपालक कुटुंबाचा किमान भत्ता मुलाचं वय आणि राहण्याचं ठिकाण पाहून ठरतो. आपल्याकडे तान्ह्याला आणि दहावीच्या मुलाला दर सारखाच.

प्रतिपालकत्वाबद्दलच्या 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एक चांगलं केलं. 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं, अविवाहित असो वा घटस्फोटित. एकट्या पुरुषाकडे मुलगी मात्र देत नाहीत. पूर्वी पाच वर्षं सांभाळल्यावर दत्तकाचा विचार व्हायचा, आता दोन वर्षांनी होतो. घरं वाढतील ती अशा सवलतींनी. पण पैसे रखडले तर ती टिकणार नाहीत, आणि बालसंगोपनचं अनुदान महिनोनमहिने थकल्याच्या तक्रारी राज्यभर जुन्याच आहेत. वह्या-दप्तर जूनमध्ये लागतं. ते पैसे दिवाळीनंतर येऊन उपयोग काय?

जूचंद्रसारख्या ठिकाणी अशी मुलं सर्वांत आधी कळतात ती अंगणवाडी सेविकेला आणि वर्गशिक्षिकेला. मिशन वात्सल्यने शहरात प्रभागस्तरीय बाल संरक्षण समित्या सांगितल्या आहेत त्या याचसाठी. अर्ज या समितीतच भरून घेतला आणि गृहचौकशी त्याच आठवड्यात झाली, तर आजीची पालघरची एक खेप तरी वाचेल.