नाच बसवण्याआधी विचारू या



मेळावा ठरला की ग्रामसंघाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "एखादा आदिवासी नाच ठेवू या." कपडे भाड्यानं मिळतात, गाणं मोबाइलवर सापडतं. पण ते गाणं कुणाचं, हे आधी विचारायला हवं. का, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं. तिथल्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली सापडली. दोन हजार वर्षांनंतरही ती वाचता येतात. गोंड समाजाचा इतिहास मात्र गळ्यात राहिला. तो जपतात परधान, म्हणजे गोंडांचे परंपरेचे गायक. बाना नावाचं तारेचं वाद्य वाजवत ते कुळाची कथा गातात. त्या वाद्यात बडादेवाचा वास मानतात. कोणतं कूळ चार देवांचं, कोणतं पाच, सहा की सात देवांचं, हे त्या गाण्यांतून कळतं. सारख्या देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही. आपल्या गटाचं जसं ठरावाचं रजिस्टर, तसं हे गाणं. रजिस्टर हरवलं तर बचत कुणाची, कर्ज कुणाचं, कसं सांगणार?

सालेकसा तालुक्यातलं कचारगड १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. माघ पौर्णिमेला तिथं गोंडांची मोठी यात्रा भरते. तिथल्या गुहेत मुलं कोंडली गेली होती, अशी कथा सांगतात. पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायला आले. हिरासुका या वादकानं संगीताच्या बळावर दगड हलवला. मुलं सुटली, पण तो दगडाखाली गेला. मुलांना सांभाळणारी जंगो रायताड आजही पूजली जाते. ज्यांच्या कथेत वाद्यानं लेकरं वाचवली, त्यांना ते वाद्य नुसती सजावट कसं वाटेल?

अमेरिकेतल्या लाकोटा लोकांचंही असंच आहे. त्यांच्या सूर्यनृत्यावर तिथल्या सरकारनं १८८३ साली बंदी घातली. लोकांनी ते लपूनछपून जपलं. आज त्यांचे कलावंत कड्यांचा नाच सगळ्यांपुढे करतात, गोष्टी सांगतात. सूर्यनृत्याचे फोटो मात्र सहसा काढू देत नाहीत. काय दाखवायचं, काय घरात ठेवायचं, हे तेच ठरवतात.

म्हणून आम्ही गटांना चार गोष्टी सुचवतो. आपल्या गटातल्या गोंड ताईंना आणि त्यांच्या घरच्या जाणत्यांना आधी विचारा. लग्नातलं, सणातलं गाणं कोणतं आणि पूजेचं कोणतं, ते समजून घ्या; पूजेचं स्टेजवर आणू नका. शक्यतो त्यांनाच नाचायला-गायला बोलवा आणि मानधन द्या. माइकवरून "आदिवासी नृत्य" एवढंच न म्हणता समाजाचं, नाचाचं नाव आणि त्यामागची गोष्ट सांगा.

त्या "नाही" म्हणाल्या, तर रुसू नका. आपल्या देवघरातलंही सगळंच आपण ओट्यावर मांडत नाही.