नववीचा वर्ग आणि कपाशीतले पतंग

मानवत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. पोळ्याच्या सुमारास इथल्या घराघरांत कपाशीचंच बोलणं असतं. म्हणून नववीचा प्रकल्पही मी तिथूनच घेतो. प्रश्न एकच: आपल्या शिवारात गुलाबी बोंडअळी कधी येते? २०१७ साली या अळीने मराठवाडा-विदर्भात केलेलं नुकसान घरची माणसं अजून सांगतात.

मुलं घरच्या कपाशीत कामगंध सापळे लावतात. सापळ्यातल्या गोळीला मादीचा गंध असतो. त्यावर नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. शाळेत येण्याआधी ते मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. सलग तीन दिवस दर सापळ्यात रोज आठ पतंग आले, तर उपाय करायची वेळ आली असं शेतीतज्ज्ञ सांगतात. "एकाच दिवशी आठ आले तर?" असं मी विचारतो आणि तासभर गप्प बसतो. वारा, पाऊस, योगायोग, सगळं मुलंच काढतात.

नुसत्या पतंगांवर भागत नाही. अळी पाकळ्या आतून धाग्यांनी बांधते, फूल उमलतच नाही, तीच डोमकळी. पुढे बोंड वरून हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. शेतातून वीस हिरवी बोंडं आणून मुलं बाकावर फोडतात. दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के, हीही धोक्याचीच पातळी. इथे मी हटून बसतो: बोंडं बांधाकडेची नकोत, रान तिरपं तुडवून आणायची. नमुना कसा घ्यायचा, हे माझ्या मते गणिताच्या पुस्तकापेक्षा इथे पक्कं समजतं. फवारणीच्या वेळी मात्र मुलांनी शेतात पायही ठेवायचा नाही.

वर्गातला स्मार्ट टीव्ही या कामात खरा उपयोगी पडतो. सगळ्यांचे आकडे एका स्प्रेडशीटमध्ये भरले, की गावागावांच्या रेषा शेजारी दिसतात. एका मुलीची रेषा शून्यावरून हलेना. वर्ग तिच्यावर संशय घेऊ लागला, तेव्हा तिने सापळाच उचलून आणला. गोळी गेल्या हंगामातली होती! नवी बसवल्यावर पतंग आले. तयार व्हिडिओ दाखवून ही हुशारी मला कधी आणता आली नसती.

असं करून शिकणं काही नवं नाही. शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकने अमेरिकेत १९१८ साली प्रकल्प पद्धत मांडली, १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही अनुभवातून शिकण्यावर भर आहे. कागद भरपूर झाले. आता शाळांच्या प्रयोगशाळा साहित्यात सापळे आणि ताज्या गोळ्या धरा, आणि त्या जुलै सरायच्या आत हातात पडू द्या. पतंग शाळेच्या खरेदीसाठी थांबत नाहीत.