डिकीतली शिदोरी

गेल्या श्रावणात माणगावहून पुण्यास परतताना ताम्हिणी घाटात आमची गाडी पंक्चर झाली. रात्रीचे नऊ, धो धो पाऊस, मागे मधुमेही आई. मोबाइलला रेंज नाही. ११२ ला हाक कशी पोचणार? मी मात्र निर्धास्त. डिकीत संकटपेटी होती ना!

उघडली. विजेरीतले सेल पाझरलेले, बिस्किटांना मुंग्या आणि स्टेपनीत हवाच नाही! वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून हा शब्द आला, १९०४ साली ते जादा चाक तिथेच निघाले, हे मी वर्गात ऐटीत सांगतो.

"शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक, चाकाची प्रकृती नाही," सौ. म्हणाली.

तेवढ्यात आईला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. सौ.च्या पर्समधली चार चमचे साखर त्या वेळी कामी आली. तासाभराने एका टेम्पोवाल्याने पंप दिला.

आता दरमहा पेट्रोल भरताना आधी स्टेपनीची हवा पाहतो. सेल विजेरीबाहेर, साखर घट्ट झाकणाच्या डब्यात. इन्सुलिन मात्र तापत्या गाडीत ठेवत नाही. ते आईच्या पिशवीत. जॅक, पाना, दोर खाली. लाल त्रिकोण सगळ्यांत वर. सामान उपसून तो शोधण्याइतका वेळ घाटातल्या वळणावर मिळत नाही.