एन्लार्जरचे भिंग आणि आजचा कॅमेरा

एन्लार्जर म्हणजे काय हे आज तरुण मंडळींना सांगावे लागते, म्हणून तेथूनच आरंभ करू. फिल्मच्या दिवसांत फोटो धुणाऱ्या प्रत्येक अंधाऱ्या खोलीत हे यंत्र असे. वर दिवा, दिव्याखाली निगेटिव्ह, तिच्याखाली भिंग आणि तळाशी कागद. निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे काड्यापेटीहूनही लहान. तिच्यावरून मोठे चित्र कागदावर उतरवायचे ते या भिंगाने. डिजिटल कॅमेरा आला, अंधाऱ्या खोल्या बंद पडल्या, तेथे राबणारे कारागीर दुसऱ्या धंद्यांत गेले आणि यंत्रे भंगाराच्या भावाने निघाली. आमचे म्हणणे एवढेच, की त्यांतले भिंग भंगार नव्हे.

निगेटिव्ह सपाट आणि कागदही सपाट. मध्ये स्पष्ट व कोपऱ्यांत पुसट असा फोटो गिऱ्हाईक घेत नसे. म्हणून जपानचे एल-निक्कोर, जर्मनीची रोडागॉन व कंपोनॉन ही भिंगे चारी कोपरे सारखे रेखीव उतरावेत अशाच हिशेबाने घडवलेली आहेत. आता पाहा, आजच्या कित्येक कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा संवेदक त्या निगेटिव्हच्याच मापाचा असतो. तो निगेटिव्हच्या जागी धरा आणि टेबलावरचे कागदपत्र फोटोच्या कागदाच्या जागी. मांडणी तीच राहते. प्रकाश तेवढा उलट दिशेने जातो.

आम्ही या विषयाकडे वळलो ते हौसेने नव्हे. रबाळ्याच्या कारखान्यांतील कामगार जुनी हजेरीकार्डे, पगारचिठ्ठ्या घेऊन आमच्याकडे येतात. एकाचे कार्ड घडीवर फाटलेले होते. फोनने काढलेल्या फोटोत मधले आकडे लागले, पण कोपऱ्यातली रुजू झाल्याची तारीख लागेना. आणि नोकरीची वर्षे तर तिच्यावरूनच मोजायची होती. जुन्या बाजारातून आणलेल्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने तेच कार्ड टिपले, तेव्हा तारीख वाचता आली. पार उडालेली शाई मात्र कोणतेही भिंग परत आणीत नाही.

आता रीत. या भिंगाला स्वतःचे फोकस नसते. म्हणून कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये फिरवून लांब-आखूड होणारी नळी बसवावी लागते. तिला हेलिकॉइड म्हणतात. भिंगाचे आटे बहुधा ३९ मिलिमीटरचे असतात. जोडकडे तयार मिळते, नाहीतर चांगला टर्नर लेथवर काढून देतो. नमुन्याला भिंग बरोबर न्यावे. कॅमेरा आरसा नसलेला घ्यावा. आरशाच्या कॅमेऱ्यात ५० चे भिंग संवेदकाच्या पुरेसे जवळ जात नाही आणि दूरचे दृश्य फोकस होत नाही.

मोठ्या कागदाचे चित्र आठपट लहान करून टिपायचे, तर भिंग कागदापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर येते आणि दूरच्या दृश्यासाठी असते त्याहून सहा मिलिमीटर पुढे. छिद्र ५.६ किंवा ८ वर ठेवावे. दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे लावावेत, म्हणजे कागद चमकत नाही. काही भिंगांत आकडे उजळण्यासाठी प्रकाश आत घेणारी खिडकी असते. तिच्यावर काळी पट्टी चिकटवावी, नाहीतर चित्र फिके येते. घेताना भिंग उजेडासमोर धरून पाहावे. आपल्या दमट हवेत आत बुरशीची जाळी धरते.

याच भिंगाने घरातली फुले, नाणी टिपावीत; माणसांच्या चेहऱ्यांना ८० मिलिमीटरचे अधिक बरे.

आपल्या गावात एखादा बंद स्टुडिओ असेल तर मालकाकडे चौकशी करावी. आणि त्या अंधाऱ्या खोलीत काम केलेला माणूस भेटला, तर भिंग पुसण्याची रीत त्याच्याकडून शिकून घ्यावी. आम्ही ती तशीच शिकलो.