न्हाणीघरातील बुरशी : दोष कोणाचा?

पावसाळा सरत आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी न्हाणीघराच्या छताच्या कोपऱ्यात, टाइल्सच्या सांध्यांत आणि दाराच्या मागच्या बाजूस काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. पाहुणे आले की घरातील स्त्रीला त्या ठिपक्यांचा संकोच वाटतो, कारण ‘घरात टापटीप नाही’ हा ठपका शेवटी तिच्याच माथी येतो. मग ती ब्रश घेऊन घासत बसते, दिवाळीच्या तोंडावर रंगाचा एक हात मारला जातो, आणि पुढच्या जुलैत ठिपके पुन्हा त्याच जागी हजर होतात. हे रहाटगाडगे का थांबत नाही, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की बुरशीचे मूळ घाणीत नसून ओलाव्यात आहे. ओल कोठून येते हे न शोधता केलेली घासाघीस आणि रंगकाम दोन्ही वाया जाते.

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना न दिसण्याइतके सूक्ष्म असतात आणि ते हवेत सर्वत्र असतात. विद्यार्थी मित्रांना ठाऊक असेल, की १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत अशीच एक बुरशी उगवली आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. प्रयोगशाळेत जी शिरू शकते, ती आपल्या घरात शिरणार नाही असे होणे नाही. तेव्हा बीजाणू घराबाहेर ठेवणे कोणाच्याच हाती नाही. त्यांना अन्न लागते, तेही साबणाचा थर, अंगाचा मळ, रंग, लाकूड यांतून सहज मिळते. आपल्या हाती उरते ती एकच गोष्ट, ती म्हणजे पाणी. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांच्या आत कोरडी झाली, तर बुरशीला बहुधा मूळ धरता येत नाही.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा पाण्याचा जमाखर्च आहे. न्हाणीघरात जेवढे पाणी रोज जमा होते, तेवढे वाळून खर्ची पडले पाहिजे. जमा जास्त आणि खर्च कमी झाला, की शिल्लक भिंतीवर काळ्या अक्षरांत दिसू लागते.

ही जमा मुख्यत्वे तीन वाटांनी होते. पहिली वाट वाफेची. गरम पाण्याने स्नान केले की वाफ वर जाते आणि गार छतावर, भिंतीवर तिचे थेंब होतात. आपण म्हणतो, भिंतीला घाम आला. त्यात पावसाळ्यात धुतलेले कपडे न्हाणीघरातच वाळत घातले, तर बादलीभर कपड्यांतील लिटरभर तरी पाणी त्याच हवेत मिसळते. दुसरी वाट गळतीची. वरच्या मजल्यावरील नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा उघडा पडणे, भिंतीत दडलेला नळ गंजणे, टाइल्समधील पांढरे सिमेंट झिजून पाणी मुरणे, हे प्रकार येथे मोडतात. तिसरी वाट बाहेरच्या भिंतीची. गिलाव्याला तडा गेला किंवा सांडपाण्याचा पाइप फुटला, की पाणी आत झिरपते.

यातील आपल्या घरची वाट कोणती, हे ओळखण्यास एक सोपा प्रयोग आहे. शिंतोडे उडत नाहीत अशी डागाची जागा कापडाने पुसून कोरडी करावी. तेथे फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूने थेंब आले तर ओल हवेतील आहे. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूने थेंब आले तर ओल भिंतीतून येत आहे. डागाचा आकारही बोलतो. कोपऱ्यात विखुरलेले ठिपके असतील तर बहुधा वाफ. पसरत जाणारा पिवळसर डाग, फुगलेला रंग आणि गळणारे पोपडे असतील तर बहुधा गळती.

वाफेवर उपाय घरच्या घरी होतो. स्नानानंतर अर्धा तास एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा, झरोक्याच्या काचपट्ट्या उघड्या ठेवाव्यात आणि कपडे अन्यत्र वाळवावेत. मात्र कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते, की नुसती खिडकी उघडून भागत नाही. तेथे शेवटी स्नान करणाराने रबरी वायपरने भिंती व फरशी निपटून कोरड्या फडक्याने पुसावे. हे दोन मिनिटांचे काम घरातील प्रत्येकाचे आहे, एकट्या गृहिणीचे नव्हे. गळती असेल तर मात्र प्लंबर व गवंडी यांना बोलावल्यावाचून गत्यंतर नाही. आधी दुरुस्ती, मग भिंत पूर्ण वाळू देणे, आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम कधीही उलटा करू नये.

गळतीवरून वरच्या व खालच्या शेजाऱ्यांत वाद होतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक पाइपांच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. संडास, मोरी यांतील अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा असतो. म्हणून तक्रार तोंडी न करता तारखेसह लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

बुरशी काढताना ती कोरडी घासू नये, बीजाणू घरभर उडतात. नाकावर मुखपट्टी, हातात रबरी मोजे घालून साबणाच्या पाण्याने ओले करून घासावे, धुवावे आणि पुसून कोरडे करावे. दमेकऱ्यांनी हे काम करू नये. डाग १० चौरस फुटांहून मोठा असेल तर जाणकाराची मदत घ्यावी. आणि एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. क्लोरीनयुक्त ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर ही टाइल्स धुण्याच्या ॲसिडमध्ये अथवा संडास साफ करण्याच्या द्रवात कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे, की ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार जडण्याचा व दमा बळावण्याचा धोका अधिक असतो. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा बालक मरण पावला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती. त्यांना प्रथम सांगण्यात आले, की वरून रंग मारा. पुढे त्या कुटुंबाच्या राहणीलाच दोष देण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निर्णय दिला, की घरातील बुरशीच्या दीर्घ संसर्गाने बालकाचा श्वसनविकार व मृत्यू ओढवला. २०२३ साली तेथे त्या बालकाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरे भाड्याने देणाऱ्या संस्थांना ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची १० कामकाजी दिवसांत तपासणी करणे बंधनकारक आहे.

एवढ्या दूरच्या गावी जे घडले, त्यातील दोन वाक्ये आपल्याही घरांत रोज ऐकू येतात. ‘वरून रंग मारा’ हे एक, आणि ‘तुमचीच राहणी तशी’ हे दुसरे. सभासद बंधु-भगिनींनी यापुढे ती दोन्ही वाक्ये उच्चारण्यापूर्वी प्लास्टिकचा एक तुकडा आणि चिकटपट्टी घ्यावी. दोन दिवसांनी भिंत स्वतःच सांगेल, दोष कोणाचा ते.