माळ्यावरची पेटी खाली काढा

लातूर-नांदेडकडं कितीतरी घरांत जुनी हार्मोनिअमची पेटी पडून असते. भजनी मंडळातल्या आजोबांची, नाहीतर लहानपणी क्लाससाठी घेतलेली. चाळिशीनंतर ती पुन्हा वाजवावीशी वाटली, तर आधी भाता तपासा. सगळे स्टॉप बंद करून भाता भरा आणि थांबा. हवा लगेच निघून गेली, तर कातडं किंवा सांधे गेलेत. एखादा सूर मुका असेल, तर अनेकदा पितळी रीडच्या जिभेखाली धूळ अडकलेली असते. मऊ ब्रशनं हलकेच झटका. बेसूर रीड मात्र घरी घासू नका. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. हे काम कारागिराचंच!

बोटं लवकर आठवतात, भाता चालवणारा डावा हात वेळ खातो. म्हणून आधी भात्याला धक्का न देता एकच ‘सा’ लांबवा, मग अलंकार.

आणि ऐका. विलक्षण साथ करणारे आप्पा जळगावकर जालन्याचे, आपल्या मराठवाड्याचे. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर बंदी असलेल्या या वाद्यासाठी त्यांना २००० साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. नांदेडला असाल, तर सचखंड हुजूर साहिबला कीर्तनात बसा. कीर्तन गाणाऱ्या रागी जत्थ्याचे हात बघा, गाताना भाता किती शांत चालतो ते कळेल. परीक्षेचा हुरूप असेल, तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ला मोठी माणसंही बसतात. जवळच्या केंद्रावर चौकशी करा.