इंग्रजी उताऱ्याचे आकलन : विज्ञानविषयक छोट्या परिच्छेदांचा सराव कसा करावा?

‘शब्द सगळे ओळखीचे होते, तरीही उत्तर चुकले.’ इंग्रजी उताऱ्यावरील प्रश्न सोडवून परीक्षागृहाबाहेर पडणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची ही तक्रार असते. ‘शब्दसंग्रह वाढवा’ असा सल्ला त्यांना बहुधा दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. उताऱ्यात काय लिहिले आहे आणि आपल्याला आधीपासून काय ठाऊक आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे हे आकलनाचे खरे मर्म आहे. विज्ञानविषयक छोटे परिच्छेद ही सवय लावण्यास विशेष उपयुक्त ठरतात.

हा प्रश्न केवळ भाषेच्या तासापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखा निवडतो, तेव्हा भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र त्याला बहुधा इंग्रजीतूनच वाचावे लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून आकलनावर भर देणारी दुसरी प्रश्नपत्रिका असते. २०१५ पासून ती केवळ पात्रतेपुरती असून तीत ३३ टक्के गुण आवश्यक आहेत. तिच्यातील उतारे इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत दिलेले असतात. मुख्य परीक्षेत इंग्रजीची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका असून, तीत २५ टक्के गुण न मिळाल्यास उमेदवाराच्या निबंध, सामान्य अध्ययन व वैकल्पिक विषयाच्या उत्तरपत्रिका विचारात घेतल्या जात नाहीत. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या ‘आयईएलटीएस’ या परीक्षेच्या शैक्षणिक प्रकारात ६० मिनिटांत तीन उतारे वाचून ४० प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

विज्ञानाचेच उतारे का?

विज्ञानविषयक परिच्छेदाची रचना बहुधा नेटकी असते. एक निरीक्षण, त्याचे कारण, एखादा अपवाद आणि शेवटी निष्कर्ष एवढे टप्पे दीडशे-दोनशे शब्दांत पूर्ण होतात. ललित लेखनातील सूचितार्थ येथे फारसा आड येत नाही. आपला अर्थ बरोबर लागला की नाही, हेही पडताळून पाहता येते. शिवाय तोच विषय मराठीतून शाळेत शिकलेला असल्यामुळे वाचक अगदीच परक्या प्रदेशात शिरत नाही.

मात्र याच ओळखीत पहिला धोका दडलेला आहे.

माहीत असलेले आणि लिहिलेले

उदाहरणादाखल एका इंग्रजी उताऱ्याचा मराठी आशय असा आहे, असे समजू : ‘बहुतेक द्रव पदार्थ गोठताना आकुंचन पावतात, पाणी मात्र प्रसरण पावते. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके असल्यामुळे वर राहते. म्हणून थंड प्रदेशातील तळी पृष्ठभागापासून गोठू लागतात. बर्फाचा थर खालच्या पाण्यातील उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. तळे फारच उथळ नसेल, तर मासे त्या पाण्यात हिवाळा काढू शकतात.’

आता पुढील चार विधाने तपासून पाहू. उताऱ्यानुसार विधान खरे आहे, उताऱ्याशी विसंगत आहे, की त्याविषयी उताऱ्यात काहीच सांगितलेले नाही, एवढेच ठरवायचे आहे.

पहिले विधान : सर्व द्रव पदार्थ गोठताना आकुंचन पावतात. हे विसंगत आहे. कारण उताऱ्यात ‘बहुतेक’ म्हटले आहे आणि पाण्याचा अपवादही दिला आहे.

दुसरे विधान : थंड प्रदेशातील तळी वरून गोठू लागतात. हे खरे आहे.

तिसरे विधान : खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. परंतु उताऱ्यात मिठाचा उल्लेखच नाही. म्हणून ‘सांगितलेले नाही’ हेच उत्तर.

चौथे विधान : गोठलेल्या प्रत्येक तळ्यात मासे जिवंत राहतात. हे विसंगत आहे. इंग्रजी उताऱ्यात ही अट ‘अनलेस’ या एका शब्दात सामावलेली असेल आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमका तोच शब्द निसटतो.

तिसऱ्या विधानाला ‘खरे’ म्हणून खूण करणारा विद्यार्थी विज्ञानात कच्चा नसतो. उलट त्याला विषय येतो, म्हणूनच तो चुकतो. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील नेमक्या ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे, हा नियम अशा वेळी उपयोगी पडतो. बोट ठेवता आले नाही, तर ते उत्तर उताऱ्यातून नव्हे, स्मरणातून आलेले असते.

छोटे शब्द, मोठा फरक

कठीण पारिभाषिक शब्दांपेक्षा सोपे जोडशब्द अधिक दगा देतात. ‘हाऊएव्हर’, ‘ऑलदो’, ‘देअरफोर’, ‘व्हेअरअॅज’ हे शब्द विचाराची दिशा सांगतात. ‘हाऊएव्हर’ आला की आधीच्या विधानाला मुरड पडणार, हे वाचकाने ओळखले पाहिजे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या जहाजाने परतताना रामन यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी निकोल लोलकाच्या साह्याने वगळला. तरीही निळा रंग कायम राहिला. पाण्याचे रेणू प्रकाशाचे विकिरण करतात, हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रकाशाच्या विकिरणाच्या या अभ्यासातूनच पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा उताऱ्यात पहिले वाक्य रॅले यांचे मत सांगते, लेखकाचे नव्हे. ‘उताऱ्याच्या लेखकाचे मत कोणते?’ या प्रश्नाला पहिल्याच वाक्यातून उत्तर देणारा फसतो. पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषून घेते, हे समुद्राच्या निळाईचे महत्त्वाचे कारण असल्याचे आज आपल्याला माहीत आहे. परंतु ‘रामन यांनी कोणता निष्कर्ष काढला?’ असे विचारले असता ही माहिती बाजूला ठेवावी लागते. मत कोणाचे, हे प्रत्येक वाक्यागणिक स्वतःला विचारणे हा उत्तम सराव होय.

‘सर्व’ आणि ‘सर्वच’

इंग्रजीतील ‘नॉट ऑल’ या शब्दप्रयोगाबाबत असाच गोंधळ होतो. ‘नॉट ऑल मेटल्स आर मॅग्नेटिक’ या वाक्याचा अर्थ ‘सर्व धातू चुंबकीय नसतात’ असा केला, तर एकही धातू चुंबकीय नाही असे वाटण्याचा संभव आहे. ‘सर्वच धातू चुंबकीय नसतात’ असे म्हटले, की अर्थ चोख उतरतो. मराठीत हे काम एकटा ‘च’ करतो.

सर्वनामांचेही तसेच आहे. मराठीत ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांच्या लिंगावरून नामाचा माग काढता येतो. इंग्रजी ‘इट’ ही सोय देत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९२८ मधील निरीक्षणाचे उदाहरण घेऊ. जिवाणू वाढवण्याच्या एका बशीत बुरशी उगवली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू नष्ट झाले. बुरशीतून एक द्रव्य पाझरत होते आणि फ्लेमिंग यांनी ‘इट’ला पेनिसिलिन हे नाव दिले. नाव कोणाला दिले, तिला की त्याला? उत्तर आहे, त्या द्रव्याला. वाचताना प्रत्येक ‘इट’, ‘दिस’ आणि ‘दे’ यांच्या जागी मूळ नाम ठेवून पाहिले, तर अशा चुका टळतात.

याच उताऱ्यात ‘कल्चर’ हा शब्द येतो. येथे त्याचा संस्कृतीशी संबंध नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंना हा शब्द वापरला जातो. ‘सोल्यूशन’ म्हणजे कधी उत्तर, तर कधी द्रावण. भौतिकशास्त्रात ‘वर्क’ म्हणजे कार्य आणि ‘पॉवर’ म्हणजे शक्ती. दोहोंना काटेकोर व्याख्या आहेत. अनोळखी शब्द दिसला की आपण थांबतो. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला, तर मात्र न थांबता पुढे जातो.

महाराष्ट्राबाहेर हिंदी माध्यमातून विज्ञान शिकणाऱ्या मराठी भाषकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. मराठीत अणू म्हणजे ‘अॅटम’ आणि रेणू म्हणजे ‘मॉलिक्यूल’. हिंदीत ‘अॅटम’ला परमाणु आणि ‘मॉलिक्यूल’ला अणु म्हणतात. मराठीतील ऊर्ध्वपातन म्हणजे ‘डिस्टिलेशन’; हिंदीत तोच शब्द ‘सब्लिमेशन’साठी वापरला जातो. इंदूर किंवा भोपाळ येथील घरात मराठी व शाळेत हिंदी असलेल्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत इंग्रजी संज्ञेसमोर दोन्ही भाषांतील शब्द लिहून ठेवलेले बरे.

विधानाचे वजन

वृत्तानुवादाच्या कामात इंग्रजी वाक्यातील क्रियापदाचे वजन रोज तोलावे लागते. ‘सजेस्ट्स’, ‘इंडिकेट्स’ आणि ‘प्रूव्ह्ज’ ही तीन क्रियापदे एकाच मापाची नाहीत. ‘मे’ म्हणजे शक्यता. ‘मस्ट’चा अर्थ कधी सक्ती, तर कधी जवळजवळ खात्रीचे अनुमान.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी प्रक्षेपित झालेल्या चंद्रयान-१ वर अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचे एक उपकरण होते. त्याच्या नोंदींवरून चंद्राच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि पाण्याचे रेणू असल्याच्या खुणा मिळाल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर करण्यात आले. ‘रेणूंच्या खुणा’ हे शब्द गाळून केवळ ‘चंद्रावर पाणी’ असे म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर तळे उभे राहते. वृत्तकक्षात ही चूक झाली तर वाचकाची दिशाभूल होते. परीक्षेत तीच चूक एका गुणावर निभावते. मात्र औषधाचे माहितीपत्रक वाचताना ती महागात पडू शकते. ‘मे कॉज’ म्हणजे ‘होतेच’ नव्हे आणि ‘अनलेस’ची अट वाचली नाही, तर सूचनेचा अर्थच उलटतो.

दररोजचा सराव

सरावासाठी दररोज २० ते २५ मिनिटे पुरेशी आहेत. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

प्रथम दीडशे ते दोनशे शब्दांचा एक परिच्छेद शब्दकोश न उघडता वाचावा आणि त्याचा गाभा एका मराठी वाक्यात लिहावा. हे वाक्य लिहिता आले नाही, तर प्रश्नांकडे वळू नये. परिच्छेद पुन्हा वाचावा.

दुसऱ्या वाचनात जोडशब्दांभोवती वर्तुळ करावे, प्रत्येक सर्वनामापासून मूळ नामापर्यंत बाण काढावा आणि ‘मे’, ‘मोस्ट’, ‘ओन्ली’, ‘अनलेस’ यांसारख्या मर्यादादर्शक शब्दांखाली रेघ ओढावी. वाक्य लांबलचक असेल, तर मुख्य क्रियापद शोधावे. मराठीत ते बहुधा शेवटी येते. इंग्रजीत कर्त्यामागून लगेच येते आणि कर्ताच लांब असेल तर मध्येच हरवते.

त्यानंतर परिच्छेदावर स्वतःच तीन विधाने तयार करावीत : एक खरे, एक विसंगत आणि एक न सांगितलेले. ती मित्राला सोडवण्यास द्यावीत. तिसऱ्या प्रकारचे विधान रचणे सर्वांत अवघड जाते आणि त्यातूनच सर्वाधिक शिकायला मिळते.

शेवटी चुकांची वही ठेवावी. चूक शब्दार्थाची, जोडशब्दाची, सर्वनामाची, की पूर्वज्ञानाची, एवढीच नोंद पुरे. पंधरा दिवसांत आपली नेमकी खोड कोणती, हे दिसू लागते.

साहित्याचा शोध फार दूर घ्यावा लागत नाही. बालभारतीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत उपलब्ध आहेत. आधी इंग्रजी परिच्छेद वाचून आपला अर्थ लिहावा आणि मग तोच पाठ मराठी पुस्तकात पडताळून पाहावा. शिकवणीविना मिळणारा हा परीक्षक आहे. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सहावी-सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करण्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही संकोच वाटू नये. विषय सोपा असला, की सारे लक्ष भाषेकडे देता येते.

वेगाची चिंता आरंभी करू नये. पहिले काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवावे आणि प्रत्येक उत्तराची ओळ दाखवता येते की नाही, एवढेच पाहावे. ओळ न चुकता सापडू लागली, की मग वेळ लावून सराव करावा. बर्फ पाण्यावर का तरंगतो, हे शाळेने आपल्याला केव्हाच शिकवले आहे. त्याविषयी समोरच्या कागदावर नेमके काय छापले आहे, हे मात्र प्रत्येक वेळी नव्यानेच वाचावे लागते.